वराहशेडचे तयार कप्पे : बांधणी चोख, क्षमतेचा आकडा फुगवलेला

सोलापूर औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेशन कारखान्याकडून दक्षिण सोलापूर तालुक्यातील आमच्या वराहशेडसाठी जस्तलेपित पाइपांचे तयार कप्पे घेतले. बांधणीबद्दल तक्रार नाही. वेल्डिंग सफाईदार आहे, खालच्या आडव्या पाइपांमध्ये पिलाचे डोके अडकत नाही आणि पाण्याचे निपल जनावराच्या उंचीप्रमाणे वर-खाली करता येते.

आक्षेप आहे तो माहितीपत्रकातील क्षमतेवर. १० बाय १२ फुटांच्या कप्प्यात २० वराह ठेवावेत असे त्यात छापले आहे, म्हणजे प्रत्येकी सहा चौरस फूट. परंतु कोणत्या वजनाचे, याचा कोठेही उल्लेख नाही. जनावराला लागणारी जागा साधारणपणे वजनाच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे वाढते, म्हणजे वजन आठपट झाले तर जागा चौपट लागते. किलोमधील वजनाच्या या घाताला ०.०३३६ ने गुणल्यास जेवढे चौरस मीटर येतात, त्याहून कमी जागा मिळाली की खाणे आणि रोजची वजनवाढ घटू लागते, असे संशोधन सांगते. या हिशेबाने ३० किलोच्या जनावराला साडेतीन चौरस फूट पुरतात, ६७ किलोच्या आसपास सहा चौरस फूट काठावर येतात आणि १०० किलोला पावणेआठ लागत असल्याने त्याच कप्प्यात १५ जनावरेच बसतात. गव्हाणीने अडवलेली फरशी यातून अजून वजा व्हायची आहे. विक्रीपूर्वीच्या ज्या काळात एकेक जनावर सर्वाधिक खाद्य खाते, नेमकी तेव्हाच दाटी होते.

शिवाय हे गणित सुसह्य हवेतले आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. वराहाला घामाने अंग थंड करता येत नाही. म्हणून तो पाय ताणून, कुशीवर, शेजाऱ्यापासून अंतर राखून गार फरशीवर पडतो. १०० किलोचे जनावर असे आडवे झाले की सुमारे ११ चौरस फूट व्यापते, म्हणजे कप्प्यात कशीबशी ११ मावतात. जागा उरली नाही की ती शेणामुतात लोळतात. एरवी हा प्राणी झोपण्याची आणि घाण करण्याची जागा कटाक्षाने वेगळी ठेवतो, हे ज्यांनी वराह पाळलेले नाहीत त्यांना सहसा पटत नाही. दाटीत दुबळी जनावरे गव्हाणीपासून रेटली जातात, एकाच वेताच्या पिलांमध्ये वजनाची तफावत पडते आणि शेपट्या चावण्याचा धोका वाढतो.

भारतीय मानकात पाच महिन्यांवरील वराहासाठी १.३ ते १.८ चौरस मीटर छताखालची आणि तितकीच मोकळी जागा सुचविलेली आहे. युरोपीय संघाचा ८५ ते ११० किलोसाठीचा किमान नियम ०.६५ चौरस मीटरचा आहे. माहितीपत्रकाप्रमाणे भरलेल्या कप्प्यात मात्र जेमतेम ०.५६ चौरस मीटर, म्हणजे तेच सहा चौरस फूट, मिळते.

हे दाखवून दिल्यावर कारखान्याने आणखी एक गव्हाण बसविण्याचा सल्ला दिला. त्याने खाण्यावरची झुंज कमी होईलही, पण लोळायला जागा वाढत नाही, उलट गव्हाण फरशीच अडवते.

कप्पे जरूर घ्यावेत, पण गव्हाणीची जागा वजा धरून खर्चाचा ताळा १० जनावरांवर मांडावा आणि दोन कप्प्यांमधली जाळी उघडता येईल अशी मागून घ्यावी. कारखाना ती बनवून देतो, पैसे मात्र वेगळे लावतो.