मुलांच्या चिंतेवर संशोधन की उपचार? सांगली-मिरजेतून निघणाऱ्या दोन वाटा

एमएच्या शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट जमा झाला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मला लहान मुलांच्या अँग्झायटीवर काम करायचंय. पीएचडीला नाव घालू का क्लिनिकलला?" घरच्यांनी तोवर तिसरंच काहीतरी ठरवलेलं असतं, ते सोडा. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा असा हिशेब असतो की दोन्हीकडून पोचायचं एकाच ठिकाणी, फक्त पीएचडी जरा मोठी आणि मानाची. तसं नाही. आपल्याकडं या वाटा पहिल्या पावलालाच फुटतात. भलती धरली तर पाच-सहा वर्षांनी नावापुढं 'डॉ.' लागतं, पण घाबरलेल्या मुलाला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून समोर बसवता येत नाही.

हा गोंधळ बराचसा अमेरिकेतले पेपर वाचून होतो. या विषयात थोडं वाचायला घेतलं की फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या फिलिप केंडॉल यांचं नाव येतंच. १९९४ साली त्यांनी ९ ते १३ वर्षांच्या ४७ मुलांवरची सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराची, चाचणी प्रसिद्ध केली. त्यात मुलांसमोर बसून प्रत्यक्ष उपचार करणारे पीएचडीचे विद्यार्थीच होते. तिकडच्या क्लिनिकल पीएचडीत संशोधन आणि उपचार हातात हात घालून शिकवतात. आपल्याकडची मानसशास्त्रातली पीएचडी म्हणजे संशोधनाचं प्रशिक्षण, बस. उपचाराची मुभा भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, देते. १९९२च्या कायद्यानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तिच्या नोंदवहीत नाव असावं लागतं, आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली व्याख्याही आरसीआयमान्य प्रशिक्षणावरच उभी आहे. त्या व्याख्येत नुसती पीएचडी बसत नाही.

म्हणून दोन्ही वाटा शेजारी ठेवून बघू.

घर, वेळ, पैसा

पीएचडीचं मोठं सुख म्हणजे गाव सुटत नाही. शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात, सांगलीहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. नेट, सेट किंवा विद्यापीठाची पेट ही प्रवेशपरीक्षा, मग कोर्सवर्क, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, आणि पुढं तुम्ही आणि तुमचा डेटा. २०२२च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं आणि साधारण सहाच्या आत. जेआरएफ ही नेटमधून मिळणारी फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये येतात. ती नाही मिळाली तरी सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या शिष्यवृत्त्या आपल्या भागातल्या कितीतरी पोरापोरींनी घेतल्यात. फेलोशिपची रक्कम वेळेवर जमा होईलच असं समजून मात्र खोली भाड्यानं घेऊ नका.

क्लिनिकलसाठी बाहेर पडावंच लागतं. आजवरची नेहमीची वाट म्हणजे दोन वर्षांची पूर्णवेळ एमफिल: बेंगळुरूचं निम्हान्स, धारवाडचं डिम्हान्स, रांचीचं सीआयपी, शिवाय पुण्या-मुंबईकडच्या संस्था. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा घासून काढणारी. सरकारी संस्थेत फी सोसवते, खासगीत आकडा लाखांत जातो. पूर्णवेळ म्हणजे अक्षरशः पूर्णवेळ, शेजारी कॉलेजवर तासिका तत्त्वाचं लेक्चर घ्यायलाही वाव नाही. आणि ही एमफिल सरतीला आली आहे. यूजीसीनं एमफिल बंद करताना क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांची सूट दिली होती, आता आरसीआयची क्लिनिकल सायकॉलॉजीतली एमए आणि सायडी (उपचारावर भर असलेली मानसशास्त्रातली डॉक्टरेट) अशी रचना तिची जागा घेते आहे. त्यामुळं ओळखीच्या ताईनं तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका. ज्या वर्षी अर्ज भरणार, त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा. 'आरसीआयची मान्यता येतेय, प्रोसेसमध्ये आहे' असं सांगणाऱ्या संस्थेत फी भरू नका.

अंतराची भीती घालणाऱ्यांना एवढंच सांगते, की मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस दुपारी निघते, ती धारवाडवरूनच बेंगळुरूला जाते.

रोजचं काम कसं असतं

इथं खरा फरक आहे, आणि माहितीपत्रकात तो सापडत नाही.

संशोधनाची बाजू आधी. मुलांच्या चिंतेवरची पीएचडी म्हणजे बहुधा शाळा. मुख्याध्यापकांची परवानगी, संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती. आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही हवा, सात ते बारापर्यंत तोंडी, त्यापुढं लेखी. मग वर्गात प्रश्नावली: मुलांची चिंता मोजणारी, एक्केचाळीस विधानांची स्केअर्ड किंवा स्पेन्स यांची मापनश्रेणी. कागदावर हे झकास दिसतं. वर्गात काय होतं? पाचवीतला एक पोरगा उत्तरांवर हात धरून बसतो, त्याच्या शेजारचा त्याच्या हाताखालून बघून तसंच भरतो. मागं उभे असलेले गुरुजी मदत म्हणून दरडावतात, "नीट लिहा रे, बाहेरून मॅडम आल्यात!" झालं, अख्ख्या वर्गाला कशाचीही भीती वाटत नाही. असा गठ्ठा एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला तर आकडे येतात, अर्थ येत नाही. गुरुजींना गोडीनं बाहेर चहाला पाठवणं, दप्तरं मध्ये ठेवून बसवणं, लहानांना प्रत्येक विधान वाचून दाखवणं, हे ज्याला जमतं आणि आवडतं त्यानंच या वाटेला यावं.

आणि या वाटेवर काम पडून आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं, त्यात चिंताविकारांचा वाटा मोठा होता. पण त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शिष्यवृत्ती परीक्षेचं दडपण, नवोदयच्या तयारीसाठी पहाटे उठवलेली दहा वर्षांची पोरं, ऊसतोडीच्या टोळीबरोबर दर हंगामाला शाळा सुटणारी मुलं, यांच्या भीतीबद्दल आपण अंदाजानंच बोलतो. कुणीतरी नीट मोजायला हवं.

उपचाराच्या प्रशिक्षणात दिवस वेगळाच. सकाळी ओपीडी, केस हिस्टरी, टेस्टिंग, दुपारी थेरपी, आणि मग सुपरव्हिजन. शेवटचा शब्द अधोरेखित करा. पीएचडीचा गाइड तुमचं प्रकरण दोन महिन्यांनी वाचतो आणि समासात शेरे मारतो. क्लिनिकलमध्ये आज मुलाला काय म्हणालात हे आजच विचारलं जातं, आणि चुकलात तर पुढच्या बैठकीआधी सुधारावं लागतं.

त्या खोलीत काय चालतं ते उदाहरणानं सांगते. उदाहरण रचलेलं आहे, पण सांगलीत कुणालाही ओळखीचं वाटेल. सांगलीवाडीतली बारा वर्षांची मुलगी. २०१९च्या ऑगस्टात, पाच-सहा वर्षांची असताना, वडिलांच्या खांद्यावर बसून पुरातून निघालेली, २०२१ला पुन्हा तेच. आता जून लागला की रात्री झोप नाही. "पप्पा, आयर्विनला पाणी किती फूट झालं?" दिवसातून वीसदा. आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथली सांगतात. आई शेजारी झोपते, वडील दर तासाला मोबाइलवर पातळी दाखवतात, शाळेतून पोट दुखतंय म्हणून फोन येतो आणि कुणीतरी जाऊन घेऊन येतं. सगळे प्रेमानं करतात, आणि भीती दर पावसाळ्यात वाढते.

शिकाऊ थेरपिस्ट पहिल्यांदा हे तपासते की ही चिंता आहे की पुराचा आघातच अजून मनात ताजा आहे, कारण त्यावर उपचाराचा मार्ग बदलतो. मग मुलीबरोबर बसून भीतीची शिडी मांडते, शून्य ते दहा. पावसाचा आवाज मोबाइलवर ऐकणं, तीन. उन्हाळ्यात पुलावर उभं राहणं, चार. जुलैत, पाणी वीस फुटांवर असताना, वडिलांबरोबर पुलावरून चालणं, सात. पातळी न विचारता झोपणं, नऊ. खालच्या पायरीवर मुलगी भीती उतरेपर्यंत टिकली की पुढची. पालकांचंही काम ठरतं: पातळी दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, एकाच वाक्यात सांगायची. इथं शहाणपण लागतं, कारण सांगलीत पूर ही कल्पना नव्हे. आयर्विनला इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस, तेव्हा कागदपत्रांची पिशवी भरून ठेवणं ही काळजी झाली, उपचार करायची गोष्ट नाही. पाणी पंधरा फुटांवर असताना रात्री चारदा उठून विचारणं हा आजार. हा फरक पुस्तकात वाचून येत नाही, जाणत्या माणसाच्या नजरेखाली मुलांसमोर बसूनच येतो.

मूल खोलीत यायलाच तयार नसेल तर येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी बसवलेली 'स्पेस' ही पद्धत नुसत्या पालकांबरोबर चालते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती मुलांबरोबरच्या सीबीटीपेक्षा कमी पडली नाही. आपल्याकडं 'आमची सोनी डॉक्टरकडं येतच नाही' म्हणणाऱ्या घरांसाठी ही मला फार कामाची वाटते. गोळ्यांचंही ऐकून ठेवा. ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवरच्या २००८च्या अमेरिकी चाचणीत सीबीटी आणि सर्ट्रालिन ही गोळी दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं लक्षणीय सुधारली, नुसत्या सीबीटीत ६०, नुसत्या गोळीत ५५, आणि खोट्या गोळीत २४. गोळी सायकॅट्रिस्टनंच लिहायची असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तो अधिकार नाही. म्हणजे दोघं जवळ असायला हवेत. मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्यापासून दवाखान्यांचं गाव म्हणून वाढलेली मिरज या बाबतीत आपली जमेची बाजू आहे.

जास्त आकडे आलेल्या मुलाचं काय करणार?

मी दोन्ही वाटांना हा एकच प्रश्न लावते. १९२० साली जॉन वॉटसन आणि त्यांची विद्यार्थिनी रोझली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती लावून दाखवली, आणि ती न घालवताच तो त्यांच्या हातून गेला. चारच वर्षांनी मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेनं पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवल्याचं छापलं. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा रोज थोडा जवळ आणायचा, एवढंच. दोन्ही संशोधनच. पण पहिल्यात मुलाची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

प्रश्नावलीवाल्या पीएचडीत ही जागा सहज मोकळी राहते. तीनशे मुलांत वीसजणांचे आकडे चढे आले. थिसिसमध्ये ते टक्केवारी होतात, आणि शाळेत ती वीस मुलं तशीच बसलेली असतात. क्लिनिकलमध्ये ही सबब चालत नाही, समोर आलेलं मूल तुमचंच. म्हणून पीएचडीला जाणाऱ्यानं सिनॉप्सिस लिहिण्याआधी मिरजेत किंवा सांगलीत एखादा सायकॅट्रिस्ट किंवा नोंदणीकृत सायकॉलॉजिस्ट गाठून, अशी मुलं तो बघेल एवढं लेखी ठरवून घ्यावं.

मधली तिसरी वाट समुपदेशनाच्या पदविकेची आहे, थोडक्यात सांगते. २०२५च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमायला सांगितलंय, त्यामुळं शाळांतल्या जागा वाढायला हव्यात. काम चांगलं, गरजेचं. निदान आणि चिंताविकाराचा उपचार मात्र त्यात बसत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी समुपदेशकालाच परीक्षेचे गठ्ठे आणि स्नेहसंमेलन बघावं लागतं.

मग कुणी काय करावं

मुलांसमोर बसायची ओढ असेल आणि दोन-तीन वर्षं गाव सोडता येत असेल, तर आधी क्लिनिकल, मनात असेल तर पीएचडी नंतर. उलटा क्रम मी कुणालाच सुचवत नाही. पीएचडी संपेतो तिशी गाठलेली असते, आणि मग पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन हॉस्टेलवर जाणं फार थोड्यांना जमतं.

गाव सोडता येणारच नसेल, म्हणजे घरी आजारी माणूस आहे, द्राक्षबागेचं कर्ज आहे, लग्नाचा विषय निघालाय, तर पीएचडी ही काही पडती बाजू नाही. फक्त ती उपचाराचा आडमार्ग म्हणून करू नका. नुसतं 'चिंता आणि शैक्षणिक संपादन यांचा सहसंबंध' हा विषयही घेऊ नका, त्यावर कपाटं भरलीत. नदीकाठची गावं घ्या, पूर बघितलेली आणि न बघितलेली मुलं घ्या, पालक घाबरलेल्या मुलाला कशी सवलत देत जातात ते मोजा.

आकड्यांचा कंटाळा आहे आणि मुलांचं रडणंही सोसत नाही, असं स्वतःशी कबूल करावं लागलं, तर दोन्ही नकोत. मानसशास्त्रात नोकऱ्या अजून बऱ्याच आहेत.

जिथं जाल तिथं प्रवेशाआधी आतल्या, दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला चहाला गाठा आणि विचारा: आठवड्यात किती मुलं बघायला मिळतात, त्यावर कोण बोलतं, आणि शेवटचं कधी बोलले?