फर्स्ट नेशन्स फायनान्स अथॉरिटीची कर्जसेवा मिगमॉ परिषदांना कितपत उपयोगी?

कॅनडाच्या मूळनिवासी समाजांना (फर्स्ट नेशन्स) लागू असलेल्या इंडियन ॲक्टच्या कलम 89 मुळे राखीव वसाहतीतली मालमत्ता बाहेरच्या सावकाराला गहाण घेता येत नाही, जप्तही करता येत नाही. जमीन टिकली ती या कलमामुळे. पण पूर्वेकडच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातली एखादी मिगमॉ परिषद (मिगमॉ या मूळनिवासी लोकांच्या एखाद्या समाजाचे निवडलेले मंडळ) बोटी किंवा पाणीयोजना यांसाठी बँकेत गेली की तारण काय, या एकाच प्रश्नावर बोलणे अडायचे. फर्स्ट नेशन्स फायनान्स अथॉरिटी हीच अडचण सोडवते. संस्था ना नफा तत्त्वावर चालते, कारभार ब्रिटिश कोलंबियातल्या वेस्टबँकमधून होतो आणि संचालक सभासद परिषदांतूनच निवडले जातात. तिचा कायदा 2006 मध्ये लागू झाला, पहिले रोखे मात्र 2014 मध्ये विकले गेले: 14 समाजांसाठी 9 कोटी डॉलर.

इथे तारण असते ते उत्पन्न. भाडेपट्टे, मालमत्ता कर, जुगारगृहातला वाटा, समाजाच्या कंपन्यांचा नफा यांतले काही प्रवाह परिषद कर्जाला बांधून देते. ते पैसे आधी एका विश्वस्त खात्यात जातात, हप्ता तिथेच कापला जातो आणि उरलेली रक्कम परिषदेकडे येते. मुद्दलाचा वार्षिक भाग वेगळ्या निधीत साठत जातो. व्याज कमी पडते, कारण अनेक समाजांची मागणी एकत्र करून रोखे थेट बाजारात विकले जातात. सगळे उत्पन्न सारखे धरले जात नाही. करारबद्ध भाड्याच्या जोरावर जास्त कर्ज मिळते. वर्षागणिक वरखाली होणाऱ्या नफ्यावर कमी.

प्रवेशाची वाट लांब आहे. परिषदेने ठराव करून अथॉरिटीच्या कायद्याच्या परिशिष्टात नाव घालून घ्यायचे. मग स्वतःचा वित्त प्रशासन कायदा करून तो फर्स्ट नेशन्स फायनान्शियल मॅनेजमेंट बोर्डाकडून तपासून घ्यायचा. हे बोर्ड मागच्या 5 वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाहून कामगिरीचे प्रमाणपत्र देते. त्यानंतरच कर्जदार सभासद होता येते. पैसे आधी अल्पमुदतीचे मिळतात आणि पुढच्या रोखेविक्रीत ते दीर्घ मुदतीत वळते होतात. पहिल्या कर्जानंतर 36 महिन्यांत संपूर्ण वित्तव्यवस्थेचे दुसरे प्रमाणपत्र मिळवावे लागते. बहुतेक परिषदांची दमछाक इथेच होते. नमुना कायदा जसाच्या तसा मंजूर करणे सोपे. पण किमान तिघांची वित्त व लेखापरीक्षण समिती खरोखर बसवणे, हितसंबंध जाहीर करायला लावणे, 31 मार्चला वर्ष संपल्यापासून 120 दिवसांत लेखापरीक्षण उरकणे ही कामे एकट्या हिशेबनिसाच्या बळावर होत नाहीत. माणूस आधी नेमावा, अर्ज मागून करावा.

कर्जाची रक्कम ठरवताना एक कपात विसरू नये. मूळ नियमाप्रमाणे कर्जाचे 5 टक्के राखीव निधीत अडकतात. संचालक मंडळ हे प्रमाण खाली आणू शकते. 5 टक्के धरले, तर 1 कोटी डॉलर हातात पडायला साधारण 1 कोटी 5 लाख 26 हजारांचे कर्ज लागते, आणि व्याज या पूर्ण आकड्यावर. कर्ज फिटल्यावर ठेव परत मिळते. मात्र एखादा सभासद थकला आणि निधी निम्म्यावर आला, तर बाकीच्या कर्जदारांनी आपापल्या वाट्याने तो भरून काढायचा असतो. पतसंस्थेत सभासद एकमेकांना जामीन राहतात, तसेच हे. म्हणून बोर्डाची कडक तपासणी त्रासदायक वाटली तरी मला ती या सेवेची सर्वांत भक्कम बाजू वाटते.

सेवेचा खरा कस क्लिअरवॉटर सीफूड्स या मासेमारी कंपनीच्या खरेदीत लागला. नोव्हेंबर 2020 मध्ये जाहीर होऊन जानेवारी 2021 मध्ये पूर्ण झालेला हा सुमारे 1 अब्ज डॉलरचा व्यवहार. केप ब्रेटनमधला मेंबर्टू आणि न्यूफाउंडलंडमधला मियॉपुकेक पुढे झाले, एकूण 7 मिगमॉ समाज एकत्र आले आणि प्रीमियम ब्रँड्स या खाद्यपदार्थ कंपनीबरोबर निम्मी मालकी त्यांच्याकडे आली. त्यासाठी अथॉरिटीने 25 कोटी डॉलर 30 वर्षांसाठी दिले. कंपनीचे कॅनडातले मासेमारी परवाने पूर्णपणे मिगमॉ मालकीच्या भागीदारीत ठेवले गेले. मेंबर्टूची तयारी जुनी होती: 1995 मध्ये सुमारे 10 लाख डॉलरची तूट असलेल्या या समाजाच्या प्रशासनाने 2002 मध्ये आयएसओ 9001 हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र मिळवले होते. हिशेबाची ही शिस्त नसती, तर एवढ्या कर्जाची बोलणी सुरूच झाली नसती.

तरी दोन गोष्टी परिषदेच्या बैठकीत स्पष्ट बोलल्या जायला हव्यात. लाभांश आला नाही म्हणून हप्ता थांबत नाही. बांधलेल्या इतर उत्पन्नातून तो जातोच, आणि त्या वर्षी घरदुरुस्ती, शिष्यवृत्ती यांचा पैसा आटतो. शिवाय इंडियन ॲक्टखाली निवडलेल्या परिषदेची मुदत 2 वर्षे आणि कर्जाची 30. ठरावाआधी सर्व सभासदांसमोर प्रतिकूल वर्षाचा हिशेब मांडला नाही, तर पुढची परिषद हे कर्ज आपले मानणार नाही.

दुसरी गोष्ट हक्काची. ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या 1760-61 च्या तहांवर आधारलेला, मिगमॉ लोकांचा माफक उपजीविकेपुरते मासे पकडून विकण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1999 च्या मार्शल निकालात मान्य केला. क्लिअरवॉटरचे परवाने संघराज्याच्या नियमांखालचे व्यापारी परवाने आहेत. ते विकत घेतल्याने तहातल्या हक्काचा प्रश्न सुटत नाही. या 7 समाजांपैकीच एक असलेल्या सिपेक्नेकाटिकने 17 सप्टेंबर 2020 रोजी सोलनियरव्हिल धक्क्यावरून स्वतःच्या नियमांखाली लॉब्स्टरची मासेमारी सुरू केली. त्यांचे सापळे उद्ध्वस्त झाले आणि ऑक्टोबरमध्ये मिडल वेस्ट पब्निको इथे मिगमॉ मच्छीमारांचा माल ठेवलेले कोठार जळाले. तिथे सुरक्षा आणि मान्यता हवी होती. कोणतेही स्वस्त कर्ज ती देऊ शकत नव्हते.

स्वतःचे स्थिर उत्पन्न, वेळेवरचे लेखापरीक्षण आणि कर्जाचा ठरलेला उपयोग असलेल्या समाजाने ही सेवा जरूर घ्यावी. ज्यांचा खर्च जवळजवळ सगळा संघराज्याच्या अनुदानावर चालतो, त्यांच्याकडे बांधून द्यायला फारसे काही नसते. अशा परिषदांनी कर्जाची घाई न करता वित्त प्रशासन कायदा आणि दोन्ही प्रमाणपत्रे यांवर आधी काम करावे. ती कर्ज न घेताही मिळवता येतात.