वांशिक समतेचे प्रगत प्रशिक्षण : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सिएटलच्या उत्तरेकडील एका उपनगरात मी सोळा वर्षे राहत आहे. एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत अकरा जणांचा गट सांभाळणे आणि आमच्या भागातील फूड बँकेच्या, म्हणजे गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या संस्थेच्या, कार्यकारी मंडळावर काम करणे, या दोन जबाबदाऱ्यांमुळे माणसे निवडण्याचे आणि कोणाला काय, कधी मिळेल हे ठरवण्याचे निर्णय माझ्या हातून सतत होत असतात. वांशिक समतेचे, म्हणजे इथे ज्याला 'रेशियल इक्विटी' म्हणतात त्या विषयाचे, आठ आठवड्यांचे प्रगत प्रशिक्षण मी याच दोन कामांसाठी घेतले. ते संपून आता नऊ महिने झाले आहेत. प्रशिक्षण संपल्यावर लगेच लिहिले असते तर केवळ भारावलेपण लिहिले गेले असते, म्हणून थांबले.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिस येथे एका पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय व्यक्तीची हत्या झाल्यानंतर आमच्या कंपनीनेही सर्वांसाठी दोन तासांचे सक्तीचे प्रशिक्षण ठेवले होते. चित्रफीत पाहायची, प्रश्नांची उत्तरे द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचे. त्यानंतर आमच्या एकाही निर्णयात फरक पडल्याचे मला आठवत नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी २०१६ मध्येच लिहून ठेवले आहे की सक्तीच्या अशा प्रशिक्षणांचा परिणाम टिकत नाही आणि कधी कधी तो उलटाही होतो. या वेळच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी हा मुद्दा स्वतःहून मांडला, आणि 'प्रगत' या शब्दाचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ स्पष्ट केला : प्रत्येकाने आपल्या अखत्यारीतील एक निर्णयप्रक्रिया घेऊन यायची, आणि आठही आठवडे त्याच प्रक्रियेवर काम करायचे. आम्ही बावीस जण होतो. त्यांत शाळांचे मुख्याध्यापक होते, रुग्णालयांतील विभागप्रमुख होते, एक अग्निशमन अधिकारी होते.

इतिहासाची दोन सत्रे होती आणि ती सिएटलपुरतीच ठेवली होती, हे मला फार योग्य वाटले. या शहरातील अनेक वसाहतींच्या जुन्या खरेदीखतांत 'गोऱ्या वंशाच्या व्यक्तीखेरीज कोणीही येथे राहू नये, घरकामाचे नोकर अपवाद' अशा आशयाच्या अटी असत. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असा निकाल दिला, परंतु घर विकताना वा भाड्याने देताना वंशावरून नकार देण्यास सिएटलमध्ये बंदी आली ती १९६८ मध्ये; त्यापूर्वी १९६४ च्या मतदानात शहराच्या मतदारांनी तशी बंदी फेटाळली होती. वॉशिंग्टन विद्यापीठाने ही खरेदीखते गोळा केली आहेत. गृहपाठ म्हणून मी शोधले, तेव्हा माझ्या घरापासून चार रस्ते पलीकडच्या वसाहतीत अशी अट सापडली. तो कागद वाचताना माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न असा होता की मी यात कुठे मोडले असते. त्याचे उत्तर १९२३ च्या एका निकालात आहे. भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते आणि १९१८ मध्ये याच वॉशिंग्टन राज्यातील कॅम्प लुइस येथे त्यांना नागरिकत्व मिळाले होते. ते 'गोरे' नाहीत या कारणावरून ते काही दिवसांतच काढून घेण्यात आले. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की उच्च जातीचा हिंदू हा आर्य, आणि म्हणून गोरा. न्यायालयाने तो अमान्य केला. वंशाची भिंत ओलांडण्यासाठी जातीची शिडी लावून पाहिली गेली, ही गोष्ट मला त्या आठ आठवड्यांत सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेली.

आता भरतीविषयी, कारण या प्रशिक्षणाचा खरा उपयोग मला तेथे झाला. मी आमच्या गटाची भरतीप्रक्रिया घेऊन गेले होते. प्रशिक्षकांनी आम्हाला प्रथम १९७१ चा ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा खटला शिकवला. नॉर्थ कॅरोलिनातील त्या वीज कंपनीने काही कामांसाठी शालान्त प्रमाणपत्र आणि लेखी चाचणी आवश्यक केली होती. त्या कामांशी त्या अटींचा संबंध दाखवता आला नाही, आणि त्यांमुळे कृष्णवर्णीय कामगार मात्र मोठ्या प्रमाणावर वगळले जात होते. हेतू कोणताही असो, कामाशी संबंध नसलेली आणि असा परिणाम करणारी अट चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्यानंतर १९७८ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत चार-पंचमांशाचा ठोकताळा आला. एका समूहातील ६० टक्के उमेदवार एखाद्या टप्प्यातून पुढे जात असतील आणि दुसऱ्या समूहातील ४० टक्केच जात असतील, तर दुसऱ्याचे प्रमाण पहिल्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ६७ टक्के होते; ते चार-पंचमांशाच्या, म्हणजे ८० टक्क्यांच्या, खाली येते, आणि तो टप्पा तपासून पाहिला पाहिजे. हा दोष सिद्ध झाल्याचा पुरावा नव्हे, पाहायचे कुठे हे सांगणारी खूण आहे. उमेदवार थोडे असतील तर ती फसवी ठरते, म्हणून आम्हाला दोन वर्षांचे आकडे एकत्र करायला लावले.

माझ्या आकड्यांत मुलाखतीचा टप्पा जवळजवळ निर्दोष निघाला. फरक त्याच्या आधीच पडत होता. निवडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण कर्मचाऱ्यांच्या शिफारशीतून आलेले होते, आणि शिफारशीने आलेला अर्ज थेट मुलाखतीपर्यंत पोहोचत होता. मी स्वतः पाच शिफारशी केल्या होत्या. पाचही जण भारतीय, त्यांतील चार मराठी, आणि चौघांचीही ओळख पुण्यातील महाविद्यालयातून किंवा नात्यागोत्यातून झालेली. ते सगळे आपल्या कामात चांगले आहेत, यात शंका नाही. परंतु घरी ज्याला आपण वशिला म्हणून नावे ठेवतो, त्यालाच मी इथे ओळख म्हणत होते. आमच्या गटात एकही कृष्णवर्णीय अभियंता नाही, याचे कारण 'अर्जच येत नाहीत' असे मी वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे सांगत आले होते. अर्ज येत होते. ते ज्या ढिगात पडत होते, तो ढीग आम्ही शेवटी उघडत होतो.

त्यानंतर चार बदल केले आणि ते नऊ महिने टिकले आहेत. अर्ज उघडण्यापूर्वी निकष लिहून ठेवतो. शिफारशीचा अर्ज इतरांबरोबरच वाचला जातो आणि शिफारस कोणाची हे पहिली निवड होईपर्यंत दिसत नाही. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतो. मुलाखत घेणारा प्रत्येक जण आपले गुण आणि कारणे चर्चेपूर्वी लिहून देतो. यातील शेवटचा बदल दिसायला अगदी छोटा आहे, पण त्याने आमच्या बैठकीचा सूरच बदलला. 'आपल्यात मिसळून जाईल असे वाटत नाही' हे वाक्य लिहून देताना त्याखाली कारण लिहावे लागते आणि बहुधा ते सुचत नाही. या काळात तीनच जागा भरल्या, आणि तीन जागांवरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पहिल्या निवडीत पोहोचलेली नावे मात्र पूर्वीपेक्षा स्पष्टपणे वेगळी आहेत.

येथे मराठी वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक वाटतो. हे आरक्षण नव्हे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार वंश पाहून उमेदवार निवडणे वा नाकारणे खासगी कंपनीलाही मना आहे, आणि प्रशिक्षकांनी ते वारंवार सांगितले. बदलायची असते ती प्रक्रिया. २०२५ मध्ये संघीय सरकारने अशा कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले, एप्रिलमधील आदेशाने परिणामावर आधारित भेदभावाच्या दाव्यांचा सरकारी पाठपुरावाही आटोक्यात आणला. मूळ कायद्यातील तरतूद मात्र कायम आहे. आमच्या कंपनीने कार्यक्रमाचे नाव बदलले. भरतीचे चारही नियम जसेच्या तसे राहिले.

फूड बँकेत वेगळे साधन उपयोगी पडले. सिएटल शहराने २००४ मध्ये वंश आणि सामाजिक न्यायाचा उपक्रम सुरू केला, आणि त्यातून एक प्रश्नावली तयार झाली : या निर्णयाचा लाभ कोणाला, भार कोणावर, आणि त्यांना विचारले का? आम्ही विचारले नव्हते. आमचे वाटप सकाळी दहा ते एक होते. सोमाली आणि स्पॅनिश बोलणाऱ्या काही कुटुंबांशी त्यांच्याच भाषेत बोलल्यावर कळले की त्या वेळी घरातले सगळे कामावर असतात, आणि घरातील प्रत्येकाचे नाव मागणारा आमचा अर्ज पाहून कित्येक जण दारातूनच परत जात होते. ती नावे आम्ही कशासाठी मागत होतो, हे मंडळातील कोणालाही सांगता आले नाही. अर्ज आता पाच ओळींचा आहे आणि गुरुवारी संध्याकाळी वाटप असते. संध्याकाळची वेळ आमच्या वयस्क स्वयंसेवकांना अवघड जाते, आणि त्यांची नाराजी मी अजून पूर्णपणे दूर करू शकलेले नाही.

प्रशिक्षणाची सर्वांत मोठी उणीव म्हणजे जात. जातिभेदाला कायद्याने बंदी घालणारे सिएटल हे अमेरिकेतील पहिले शहर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो कायदा मांडणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. असे असताना या विषयाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. नावावरून भेदभाव कसा होतो हे शिकवताना बॉस्टन आणि शिकागो येथील २००४ च्या प्रयोगाचा आधार घेतला गेला. त्यात सुमारे ५,००० अर्ज पाठवले होते आणि गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्यांना सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली होती. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी अर्ज पाठवून असाच प्रयोग केला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तो इथे शिकवायलाच हवा होता, कारण खोलीत आम्ही तिघे भारतीय होतो आणि आमच्या हाताखाली आणखी कितीतरी.

मी हे सांगितल्यावर प्रशिक्षकांनी चूक मान्य केली आणि पुढच्या सत्रात आम्हा तिघांना वीस मिनिटे दिली. जातीचा अन्याय सांगण्याचे ओझे ज्यांनी तो सोसला त्यांच्यावर टाकू नये, म्हणून मी जातीचा लाभ सांगितला : माझे आडनाव, त्यामुळे पुण्यात खोली मिळताना न आलेली अडचण, आणि कोणी न विचारता गृहीत धरलेली हुशारी. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, हेही सांगितले. खोलीतील एकालाही ते ठाऊक नव्हते. मलाही शाळेत यातले काही शिकवले गेले नव्हते.

इतर तक्रारी लहान आहेत. वंशानुसार वेगळे बसण्याच्या सत्रात सर्व आशियाईंना एकाच गटात घातले होते. कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्या आईवडिलांची मुलगी आणि नोकरीच्या व्हिसावर आलेली मी, यांना एकाच अनुभवाचे मानणे हे त्या प्रशिक्षणाच्याच शिकवणीशी विसंगत होते. शुल्क ९०० डॉलर होते, त्यातील निम्मे कंपनीने दिले. ज्यांच्या हाती एखादी प्रक्रिया बदलण्याचा अधिकार आहे, त्यांना ते शुल्क मोजण्यासारखे आहे. ज्यांना तो अधिकार नाही, त्यांनी आधी आपल्या वरिष्ठांना पाठवावे.

पाठपुराव्याची मासिक बैठक बावीसवरून सहा जणांवर आली आणि मग बंद पडली. आमच्यापैकी तिघींनी ती दुसऱ्या शनिवारी सार्वजनिक वाचनालयात पुन्हा सुरू केली आहे. भरतीचे आकडे पाहून झाले. येत्या शनिवारी गेल्या तीन वर्षांतील बढत्यांचे आकडे घेऊन बसणार आहोत.