शेणखत पसरवायला जुना चाकावरचा स्प्रेडर घ्यावा का पीटीओवाला?

उन्हाळवाही उरकली की खत फेकायला मजूर भेटत नाहीत, म्हणून गावातले दोघं-तिघं भाऊ विचारत होते की स्प्रेडर कोणता घ्यावा. मी दोन्ही चालवलेत, पीटीओवाला (ट्रॅक्टरच्या इंजिनातून मागे निघणाऱ्या फिरत्या शाफ्टवर चालणारा) भाड्यानं आणून अन् चाकावरचा (स्वतःचं चाक जमिनीवर फिरलं की चालणारा) आता घरचाच आहे. तुमची जमीन, ट्रॅक्टर वेगळा असेल तर हिशोबही वेगळा निघू शकतो.

जोरात पीटीओवालाच पुढे, त्यात वाद नाही. ओलं, गोळे झालेलं खत तो फोडून फेकतो. मृगाआधी एखादी सर पडून काळी माती चिकटली तर चाकावरच्याचं चाकच घसरते अन् चाक फिरलं नाही की मागचं सगळं बंद.

पण माझं मन उडालं ते वळणावर. ट्रॅक्टर माझा जुना, सिंगल क्लचचा, अन् संत्र्याची बाग म्हणजे वीस फुटावर ओळी, घडीघडी वळणं. धुऱ्यावर क्लच दाबला की पीटीओपण थांबतो, खत फेकणाऱ्या मागच्या पात्यात खत दबून बसते, अन् क्लच सोडला की असा झटका बसतो की शिअर बोल्टच (जोर जास्त झाला की मशीन वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) तुटतो. मग भर उन्हात ट्रॅक्टर बंद करा, खाली उतरा, पात्यातलं खत हातानं उकरा, नवीन बोल्ट टाका, अन् पुढच्या धुऱ्यावर परत तेच. वरून पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरत राहते अन् चढावर गिअर उतरवला की तिथं खताचा थर जाड पडते, उतारावर पातळ. चाकावरच्यात हळू चाला का जोरात, एकरी खत सारखंच पडते, कारण चाक जेवढं फिरलं तेवढंच मागून निघते.

चाकावरच्याच्या लिव्हरला लोक उगाच भितात. पुढे दोन असतात, एक पात्यांचा अन् एक खत मागे ओढणाऱ्या तळातल्या साखळीचा. साखळीच्या लिव्हरला खाचा आहेत, खटका रॅचेटचे (एकाच दिशेनं फिरणाऱ्या दातेरी चाकाचे) किती दाते ओढते त्यावर खत कमी-जास्त. आधी पाती चालू करायची मग साखळी, बंद करताना आधी साखळी, म्हणजे पाती मोकळी होतात. पात्यांचा लिव्हर ट्रॅक्टर उभा असतानाच टाका, चालत्यात दाते झिजतात, अन् रिव्हर्स घ्यायच्या आधी दोन्ही सोडा. मी दोन्हीला दोऱ्या बांधल्यात, सीटवरूनच ओढतो. हे सगळं घोड्यांच्या काळातलं डोकं आहे, ओहायोतल्या जोसेफ ओपनहाइम नावाच्या शाळामास्तरानं १८९९ मध्ये फिरत्या पात्यांनी खत रुंद फेकायची सोय केली, तेव्हा कुठं होता पीटीओ.

ड्युअल क्लच (ट्रॅक्टर थांबवला तरी पीटीओ चालू ठेवता येणारा) अन् कपाशीचं मोठं सपाट वावर असेल तर पीटीओवाला वाईट म्हणणार नाही, फक्त शाफ्टवर कव्हर पाहिजेच, दुपट्टा-धोतर ओढायला त्याला क्षण लागत नाही. बाग असेल, ट्रॅक्टर जुना असेल तर मला वाटते जुना चाकावरचा एकदा पाहून याच. पाहताना चाक जॅकवर उचला, दोन्ही लिव्हर टाकून हातानं फिरवा, खटका एकेक दात धरते का अन् लिव्हर खाचेत टिकते का ते बघा. रंगाकडे पाहू नका.