सासूबाईंनी पकडलेली चूक: टर्नटेबल नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीत टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर घेतला, बेल्टवाला, 33 आणि 45 अशा दोनच स्पीडचा (मिनिटाला तेवढे फेरे), सुईचा बारीक आवाज वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प आतच बसवलेला. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण या किमतीतले बरेचसे टर्नटेबल आतून साधारण सारखेच असतात. आमच्या घरात ऐकणारे तिघं आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. सासूबाई ख्याल आणि नाट्यसंगीत, नवरा जॅझ आणि रेगे, मी अधलंमधलं सगळंच. त्यामुळे या मशीनची जी परीक्षा झाली ती एकाच प्रकारचं संगीत ऐकणाऱ्याकडे झाली नसती असं मला वाटतं.

पहिले दोन आठवडे नुसतं कौतुक. तेराव्या की चौदाव्या दिवशी ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी (33 स्पीडची मोठी रेकॉर्ड) लावली होती, सासूबाई भाजी निवडत होत्या, निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे चढं लागलंय." मी म्हटलं, आई, रेकॉर्डच तशी असेल. तर उठल्या, पेटी काढली, बोट ठेवलं. सा दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध. आता गवई पेटीच्या पट्टीलाच तंबोरा लावेल असं काही नसतं हे त्यांनीच सांगितलं, तीस वर्षं गाणं शिकवलंय त्यांनी, म्हणून एवढ्यावर मशीनला दोष द्यायला त्या तयार नव्हत्या. पण आवाजाचा पोत बारीक झालाय, हे मन्सूर नव्हेत, असं ठाम म्हणणं.

मग मी नेटवरून स्पीड तपासायचा तो रेघारेघांचा स्ट्रोब कागद छापला. प्लॅटरवर, म्हणजे फिरणाऱ्या थाळीवर ठेवला की रेघा दिव्याखाली स्थिर दिसल्या पाहिजेत. काहीच स्थिर दिसेना! अर्धा दिवस गेल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे मी छापलेला कागद अमेरिकेच्या 60 हर्ट्झचा होता, 216 रेघांचा, आपल्याकडे वीज 50 हर्ट्झ म्हणजे 33 च्या स्पीडला 180 रेघांचा लागतो. दुसरं म्हणजे आमचे एलईडी दिवे हवे तसे लुकलुकतच नाहीत, जुनी चोकवाली ट्यूब किंवा साधा पिवळा बल्ब पाहिजे, आणि तो घरात एकही उरलेला नाही. शेवटी गावठी उपाय केला. प्लॅटरच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि मोबाईलवर तीन मिनिटं लावून फेरे मोजले. मिनिटाला 33⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर 100 व्हायला हवेत. झाले 103.

तीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं पण एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जायला साधारण सहा टक्के लागतात, म्हणजे अर्धी पट्टी वर, म्हणजे सासूबाईंचं बोट जिथे अडकलं होतं अगदी तेवढंच. कस्टमर केअरला फोन केला तर त्यांनी "इतका फरक चालतो मॅडम" म्हणून विषय संपवला. कोणाला चालतो?

बेल्टवाल्या स्वस्त टर्नटेबलमध्ये डीसी मोटर असते आणि बऱ्याचदा तिला खालून दोन बारीक भोकं असतात, आत स्क्रू, एक 33 चा आणि एक 45 चा. आमच्यात होती. चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन केसभर फिरवायचं, पुन्हा तीन मिनिटं मोजायचं, पुन्हा केसभर. नवरा मोजायला, मी फिरवायला, दीड तास गेला. (वॉरंटीत असताना हे करू नका, किंवा करा आणि गप्प बसा.) शंभरावर आणून मन्सूर लावले तर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता बसला," आणि परत भाजीकडे वळल्या.

यावरून नवऱ्याने एक मजा सांगितली. माइल्स डेव्हिसची 1959 ची 'काइंड ऑफ ब्लू', जगात सगळ्यात जास्त ऐकल्या गेलेल्या जॅझ रेकॉर्डपैकी एक, तिची पहिली बाजू वर्षानुवर्षं किंचित चढीच निघत होती, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी टेपचं मशीन हळू चालत होतं, मग नेहमीच्या स्पीडला वाजवली की सूर चढणारच. दुरुस्त करून निघाली 1992 ला. म्हणजे तेहेतीस वर्षं लोकं त्यावर पेटी धरून, म्हणजे त्यांच्याकडे पियानो धरून, वैतागत असणार.

पुढची परीक्षा रेगेने घेतली. जमैकन डबमध्ये (रेगेचाच एक प्रकार) बेस इतका जाड असतो की आमच्याकडे आवाज जरा वाढवला की आधी घूंऽऽ असा आवाज आणि मग सुईने उडी मारलीच. मी रेकॉर्डला शिव्या घातल्या, खरं तर चूक आमचीच, स्पीकर आणि टर्नटेबल एकाच लाकडी कपाटावर होते. स्पीकरची धडधड कपाटातून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये, असं चक्र. स्पीकर वेगळ्या स्टुलांवर काढले आणि टर्नटेबलखाली ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा टाकला, त्याच्या खाली रबरी बूच. खर्च शून्य. धडधड अडवायला हजारोंचे आयसोलेशन पाय विकतात ते घेण्याआधी एकदा कडप्पा ट्राय करा एवढंच सांगेन.

वेस्टर्न क्लासिकलने दाखवलेली उणीव मात्र मशीनची नाही, तबकडीचीच आहे. फेरे तेवढेच पण आतलं वर्तुळ लहान, त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम 21. कमी जागेत तेवढाच आवाज कोंबलेला, म्हणून बाजू संपत आली की व्हायोलिनं फाटल्यासारखी येतात. आणि सिम्फनी असो की आपला ख्याल, सगळा जोर शेवटालाच ना! विलंबित मस्त ऐकू यायचं आणि द्रुतमधल्या ताना नेमक्या लेबलजवळ येऊन चुरगळायच्या. सोबत आलेली गोल टोकाची सुई चार महिन्यांनी काढली आणि ऑडिओ-टेक्निकाची हिरवी व्हीएम 95 ई बसवली, लंबगोल टोकाची, वजन दोन ग्रॅमवर सेट केलं. सगळ्या नऊ महिन्यांत सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच. चुरगळणं पूर्ण गेलं नाही पण निम्म्याच्या वर गेलं.

मला स्वतःला यातून सगळ्यात जास्त आनंद दिला तो मात्र एका कोंकणी ईपीने, म्हणजे मोजक्याच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डने. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली, गोव्याचे संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची, कव्हर फाटलेलं, वर कोणाची तरी पेनने सही. ट्रम्पेट सुरू झाला आणि नवरा आतून ओरडला, हा कुठला जॅझ? गोव्याची ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातही तीच बसायची, हे वाचून माहीत होतं, पण त्या दिवशी आर. डी. बर्मनच्या एलपीच्या पाठोपाठ ती ईपी लावल्यावर कानाला कळलं. तसंच नायजेरियाच्या फेला कुटीचं. एक गाणं म्हणजे रेकॉर्डची अख्खी बाजू, गायक येतो तो कितीतरी मिनिटांनी, सासूबाई म्हणाल्या, हा बरा, घाई नाही याला.

आता माझी एक चूक, लिहायला लाज वाटते. सांगलीहून आजोबांच्या ट्रंकेतून तीन जुन्या 78 च्या रेकॉर्डी आणल्या होत्या, त्यातली एक बालगंधर्वांची. आमच्या मशीनला 78 स्पीडच नाही, आणि त्यांना सुईसुद्धा एलपीच्या तिपटी-चौपटीने जाड लागते, त्यामुळे वाजवायचा प्रश्नच नव्हता, नुसत्या पुसून ठेवायच्या होत्या. एलपीला वापरते तेच मिश्रण घेतलं, डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापूस फिरवला तर काळा झाला. वाटलं केवढी घाण निघतेय, म्हणून अजून जोरात. ती घाण नव्हती, ती रेकॉर्ड होती. जुन्या 78 लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आमच्या गल्लीतला पॉलिशवाला लाखेचे चपटे तुकडे स्पिरिटमध्ये भिजवून ठेवायचा, लहानपणभर बघितलंय मी, आणि ऐन वेळी डोक्यात आलं नाही. तळहाताएवढा पट्टा कायमचा मंद झालाय. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

बाकी पैशाचं: नवी रेकॉर्ड अडीच-तीन हजारांच्या खाली क्वचित मिळते, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब असेल तर दीडशे-दोनशेला चांगला माल मिळतो, पण उजेडात तिरकी धरून चरे बघितल्याशिवाय घेऊ नका. विकणारा "एकदम मिंट" (नव्यासारखी) म्हणतो तेव्हा तर दोनदा बघा. पावसाळ्यात इथे पुण्यातसुद्धा कव्हरला बुरशी आली, आतली कागदी पाकिटं फेकून प्लास्टिकची घेतली. आणि उभ्याच ठेवा, शंभर एलपी कव्हरसकट पंचवीस किलोच्या आसपास जातात, आमच्या शोकेसची फळी वाकलीच.

घ्यावा का? हौस असेल आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरायची भीती नसेल तर याच किमतीतला जरूर घ्या. नुसती गाणी ऐकायची असतील तर मोबाईल आहेच. घरात जुन्या 78 असतील तर मात्र थोडं थांबून तीन स्पीडचा घ्या, माझ्यासारखं नंतर हळहळू नका.

या सुईचं आयुष्य 300 तास सांगितलंय, म्हणून प्रत्येक तासाला कॅलेंडरवर एक रेघ मारते. आत्तापर्यंत 214. त्यातल्या किती रेघा सासूबाईंनी दुपारी एकट्या ऐकताना मारायच्या राहिल्यात देव जाणे. लिव्हरने सुई उतरवा म्हणून कितीदा सांगितलं, पण त्या बोटानेच ठेवतात, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा हलकी ठेवतात.