परीक्षकासाठी लिहिण्याची सवय मोडणारा कोर्स

आधी निकाल सांगून टाकते. व्यावसायिक लेखनाचा हा कोर्स जरूर करा, पण बायोडेटा चकचकीत करून मिळेल या आशेने करू नका. तो भाग यातला सगळ्यात कच्चा आहे. ईमेल, बैठकीचं इतिवृत्त, प्रगती अहवाल आणि घटना अहवाल या चार गोष्टींसाठी मात्र फी वसूल होते.

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिहायचा कंटाळा मला कधीच नव्हता. पुरवण्या घेणाऱ्यांतली मी. शिकवणाऱ्या मॅडमनी, ज्या आधी बरीच वर्षं कंपन्यांमध्ये तांत्रिक लेखन करत होत्या, सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात आणून दिली. आजवर आम्ही ज्याच्यासाठी लिहिलं त्या माणसाला उत्तर आधीच माहीत होतं, आणि आमचा पेपर शेवटपर्यंत वाचणं हे त्याचं कामच होतं. ऑफिसातल्या वाचकाला उत्तर माहीत नसतं आणि पूर्ण वाचायची सक्तीही नसते. तो पहिल्या दोन ओळी वाचून ठरवतो की यात आपल्याला काही करायचं आहे की नाही.

ऐकायला सोपं आहे. हात मात्र ऐकत नाही. प्रयोगाची जर्नलं लिहून लिहून उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण आणि सगळ्यात शेवटी निष्कर्ष हा क्रम बोटांत बसलेला असतो. इथे तो उलटा करायचा. अमेरिकी सैन्यात या पद्धतीला ‘बॉटम लाइन अप फ्रंट’ म्हणतात: काय हवंय ते आधी, कारणं नंतर. ईमेलच्या विषयाच्या ओळीपासूनच याची सुरुवात झाली. ‘महत्त्वाचे’, ‘मीटिंगबाबत’, ‘एक विनंती’ असे विषय वर्गात बाद. त्याऐवजी ‘गुरुवारची चाचणी पुढे ढकलायची का? बुधवारी दुपारपर्यंत उत्तर हवं’. मेल न उघडताही समोरच्याला काम कळलं पाहिजे. वर्गातल्या काहींना हे उद्धट वाटलं. नमस्कार-चमत्कार, ख्यालीखुशाली, मग हळूच मुद्दा, असं वळण लागलेल्यांना ते वाटणारच. मॅडमचं म्हणणं असं की अदब वाक्यात ठेवा, मुद्दा लपवण्यात नको. मला पटलं, सगळ्यांना पटलं नाही.

इतिवृत्ताच्या सरावात ‘निर्णय घेण्यात आला’ आणि ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल’ या दोन वाक्यांवर बंदी होती. कोणी घेतला? कोण करणार, कधीपर्यंत? प्रत्येक निर्णयापुढे एक नाव आणि एक तारीख लिहायची. नाव दोघांचं लिहिलं तरी वही परत यायची, कारण दोघांचं काम म्हणजे कोणाचंच नाही. सरकारी पत्रातली ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘यथावकाश’ ही मंडळी या एका नियमाने आपोआप पळाली. ‘यथावकाश’च्या पुढे तारीख लिहून बघा, तो शब्द टिकतच नाही.

आणि मग घटना अहवालाच्या वेळी हाच नियम मागे घेतला गेला. कोर्समधला माझ्या मते सर्वांत चांगला भाग हा. यंत्र बंद पडलं, सर्व्हर कोसळला, चुकीची फाइल ग्राहकाकडे गेली, की अहवाल लिहायचा. पण त्यात दोषी माणूस शोधायचा नाही. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात याला ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. कारण साधं आहे: अहवालात नाव येणार हे कळलं की पुढच्या वेळी लोक सांगायचेच थांबतात. म्हणून ‘अमुकने झडप उघडी ठेवली’ असं लिहिण्याऐवजी झडप उघडी राहिली तरी इशारा का वाजला नाही, हे लिहायचं. घडलेल्या गोष्टीत नावं नकोत, पुढच्या दुरुस्तीच्या कामात मात्र नाव आणि तारीख हवीच. म्हणजे कर्मणी प्रयोग वाईट नव्हता. कोणाला वाचवायला तो वापरतोय, हा प्रश्न होता. शाळेत व्याकरण शिकताना हे कोणी सांगितलं असतं तर प्रयोग ओळखा हा प्रश्न मी इतका रडतखडत सोडवला नसता.

सादरीकरणाचा एक तास ‘नासा’च्या कोलंबिया या अंतराळयानावर होता. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निसटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी त्याचं विश्लेषण करून स्लाइड्स दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. अगदी खाली, उपमुद्द्यात, असं होतं की चाचण्या ३ घनइंचाच्या तुकड्यावर झाल्या आहेत आणि प्रत्यक्षातला तुकडा अंदाजे १९२० घनइंचाचा आहे. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतताना यान मोडलं, सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. आम्हाला त्या स्लाइडचं शीर्षक नव्याने लिहायला सांगितलं. माझं असं होतं: ‘आपल्या चाचण्या याच्या ६४० पटींनी लहान तुकड्यावरच्या, त्यावरून यानाच्या उष्णतारोधक टाइल्स सुरक्षित आहेत असं सांगता येत नाही’. मॅडमनी लगेच हेही बजावलं की एका स्लाइडमुळे यान पडलं असं समजू नका, वरच्या पातळीवरचे निर्णयही कारण होते. ही सावधगिरी मला आवडली. लेखन शिकवणाऱ्यांना जगातली प्रत्येक आपत्ती लेखनामुळे झाली असं वाटू लागतं.

आता तक्रारी. बायोडेटा आणि नोकरीच्या अर्जाचा भाग साच्यातला होता. ज्या मॅडम ‘काय केलंस ते लिही’ म्हणत आल्या, त्यांच्याच कोर्सच्या तयार नमुन्यात ‘मी मेहनती असून संघभावनेने काम करते’ हे वाक्य छापलेलं. सगळ्या वर्गाचे अर्ज एका साच्यातल्या गणपतींसारखे निघाले. चॅटवरच्या संदेशांचा विषय जवळजवळ नाहीच. नुसतं ‘हाय’ टाकून उत्तराची वाट पाहत बसणाऱ्यांसाठी तरी एक तास हवा होता. एआयच्या साधनांबद्दल ‘जपून वापरा’ एवढंच, आणि त्याने कोणाचंच समाधान झालं नाही.

एकमेकांचं लेखन तपासण्याचा प्रकार आधी निरुपयोगी होता. सगळे सगळ्यांना ‘छान आहे’ लिहीत. मग नियम बदलला: वाचून झाल्यावर ‘आता मला काय करायचं आहे’ ते तपासणाऱ्याने एका वाक्यात लिहायचं, बाकी काही नाही. ते वाक्य लेखकाच्या मनातल्यापेक्षा वेगळं निघालं की पुन्हा लिहा. वाद घालायला जागाच उरली नाही. २०२३ मध्ये सोप्या भाषेसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ २४४९५-१, त्याचा गाभाही हाच आहे: वाचकाला हवं ते सापडावं, समजावं आणि वापरता यावं. मानक वाचण्यापेक्षा या एका वाक्याने मला ते जास्त कळलं.

सर्वांत मोठी तक्रार शेवटच्या परीक्षेची. परीक्षकासाठी लिहू नका असं सांगणाऱ्या कोर्सची परीक्षा लेखी होती आणि त्यात ‘प्रभावी ईमेलचे घटक सविस्तर लिहा’ असा प्रश्न होता. मी सविस्तर लिहिले. पुरवणीही घेतली. मार्क चांगले मिळाले, यातच सगळं आलं.

घ्यायचा असेल तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ घेऊ नका. लिहिलेलं परत येऊन पुन्हा लिहावं लागतं त्यातच याचं खरं शिक्षण आहे, आणि व्हिडिओ काही परत पाठवत नाही. प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप चालू असतानाच घ्या, म्हणजे सरावाला खोटे अहवाल रचावे लागत नाहीत. बायोडेटासाठी नोकरीत असलेल्या एखाद्या सीनियरला चहाला बोलवा.