रेझिन कॅप्सूल आणि २५ मिमी रॉकबोल्ट: मराठवाड्याच्या बसाल्टात ८ महिने

बोगद्याचा खडक धरून ठेवणारी सळई (रॉकबोल्ट) भोकात चिकटवणाऱ्या रेझिनच्या कॅप्सूल: काळ्या दगडात उत्तम, गेरूत (काळ्या दगडाच्या थरांमधल्या तांबड्या मातकट थरात) जवळपास बिनकामाच्या.

आधी खडकाचं. विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो दिसायला मऊ, पण त्यात चिरा कमी. चिरांनी फुटलेला असतो तो टणक काळा दगड. ब्लास्टनंतर क्राऊनमधून (बोगद्याच्या छतातून) पाचरीसारखे तुकडे तोच सोडतो, म्हणून बोल्ट दाट लागतात ते तिथे.

भोक ३२ मिमीच हवं. मग सळईभोवती साडेतीन मिमीची फट राहते. ३ मीटर खोलीला २८ मिमी जाडीच्या, अर्धा मीटर लांबीच्या ३ कॅप्सूल हिशेबाने पुरतात. चिरांत जाणारं धरून ४ घालाव्यात. जवळ आहे म्हणून ३६ चं बिट लावलं की हिशेब ५ च्या वर जातो. खर्चाचं एक वेळ सोडा, पण कॅप्सूलचं प्लास्टिक फाटायच्या ऐवजी सळईलाच गुंडाळतं आणि रेझिन नीट कालवलं जात नाही. बाहेरून प्लेट मात्र घट्ट दिसते.

तळाशी लवकर धरणारी एक, बाकी सावकाश धरणाऱ्या. सळई फिरवत आत न्यायची, तळाला टेकली की पेटीवर दिलेले सेकंदच फिरवायची आणि थांबायचं. ‘अजून जरा फिरव’ म्हटलं की धरू लागलेलं रेझिन तुटलंच. तळ धरल्यावर, पण मागचं घट्ट व्हायच्या आत नट आवळायचा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पेटी तापली तर ही सवड फार थोडी उरते. पेट्या बोगद्यातच ठेवाव्यात. दाबून कडक लागलेली कॅप्सूल सरळ फेकावी.

आता गेरू. ड्रिलच्या पाण्याने भोकाच्या भिंतीला चिकणमातीचा लेप बसतो आणि रेझिन खडकाला धरतच नाही. २५ मिमीची फे ५०० दर्जाची सळई साधारण २५ टनांवर ताणली जाते; गेरूतला बोल्ट पुल-आउटला (ओढून बघायच्या चाचणीत) त्याच्या कितीतरी आधी सरकतो. तिथे उघडा पडल्या पडल्या ५० मिमी शॉटक्रीट (फवाऱ्याने मारायचं काँक्रीट) मारावं, नाहीतर हवा-पाणी लागून गेरू सुटतो. बोल्ट इतका लांब घ्यावा की वरच्या काळ्या दगडात किमान दीड मीटर शिरेल. भोक ढासळत असेल तर कॅप्सूलचा नाद सोडून सेल्फ-ड्रिलिंग अँकर (स्वतःच भोक पाडत आत जाणारी पोकळ सळई) आणि सिमेंट ग्राउट (पातळ कालवलेलं सिमेंट). कॅप्सूलला ओल चालते, वाहतं पाणी नाही. शेजारी निचऱ्याचं भोक आधी पाडावं.

तक्रार एकच: पेटीवर सेकंद छापलेत, ते किती तापमानाचे हे छापलेलं नाही.